टेम्प्लेट आधी स्वतःच्या नावावर घ्या, मग त्याचं रूप बघा

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि चार वर्षांपूर्वीची मीच समोर दिसले. नंदुरबारची मिरची पूड आणि घरचा मसाला ऑनलाइन विकायचाय, वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) वूकॉमर्स (त्यावर दुकान चालवणारी जोडणी) टाकायचं ठरलंय, डिझायनरने दोन टेम्प्लेटं, म्हणजे साइटचे तयार साचे, दाखवलीत, त्यातलं कोणतं घेऊ, एवढंच तुम्ही विचारलंय. 'पहिल्याचा डेमो फारच देखणा आहे' असंही लिहिलंय. त्याच देखणेपणावर मी भाळले होते, म्हणून जरा लांबण लावते. मी काही डेव्हलपर नाही. यावल तालुक्यात बसून उडीद पापड, बिबडे आणि काळा मसाला विकते. तांत्रिक काही चुकलं तर जाणत्यांनी दुरुस्त करावं.

डोमेन, होस्टिंग, पेमेंट गेटवे हे तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही.

तुमच्या लिहिण्यातलं एक वाक्य मला खटकलं. डिझायनर म्हणतो, 'टेम्प्लेट आमच्याकडे आहेच, त्याचे वेगळे पैसे नकोत.' अगदी हेच शब्द मीही ऐकले होते आणि मला ते स्वस्तात पडलं असं वाटलं होतं. ज्या ऑफिसने काम केलं त्याचं नाव घेत नाही. 18 हजार घेतले, डेमोसारखं सगळं हलतं-सरकतं पान करून दिलं, पेढेही खाल्ले.

मग आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमचा निम्मा धंदा त्याच्या आधीच्या पंधरवड्यात होतो, सुरत, पुणे, कल्याणकडचे आपले लोक तेव्हाच मागवतात. त्याच आठवड्यात वूकॉमर्स अपडेट झालं आणि ऑर्डर येणं थांबलं. मला वाटलं, ऊन फार आहे, लोक उद्या मागवतील! तिसऱ्या दिवशी सुरतहून एका ताईंचा फोन आला, 'तीनदा पत्ता भरला, बटन दाबलं की नुसतं चक्र फिरतं.'

झालं होतं असं. बऱ्याच टेम्प्लेटांत वूकॉमर्सच्या फाइलींच्या स्वतःच्या नकला असतात, कार्टच्या, चेकआउटच्या. मूळ वूकॉमर्स पुढे जातं आणि या नकला जुन्याच राहतात. टेम्प्लेट बनवणारा त्याही सुधारून देतो, पण ते अपडेट घ्यायला लायसन्स, म्हणजे टेम्प्लेट वापरायचा विकत घेतलेला परवाना, लागतं. माझं कुठे होतं? ऑफिसच्या खात्यावर. फोन केला तर 'तिकीट टाका', म्हणजे लेखी तक्रार नोंदवा. टाकलं. दोन दिवसांनी उत्तर, 'सपोर्टची मुदत संपली, नवीन पॅकेज घ्या.' म्हटलं, निदान खरेदीचा कोड द्या, मी बघते. तर म्हणे तो कंपनीचा आहे, देता येत नाही. नंतर एका ओळखीच्या मुलाने सांगितलं की एकच लायसन्स त्यांनी कितीतरी गिऱ्हाइकांच्या साइटवर चढवलं होतं. थीमफॉरेस्ट या टेम्प्लेट विकणाऱ्या साइटवरचं साधं लायसन्स एका साइटपुरतं असतं, त्यासोबत सपोर्ट सहा महिने आणि पुढची अपडेट मोफत. म्हणजे ते माझ्या नावावर असतं, तर नवी फाइल मी स्वतः उतरवून घेतली असती. त्याऐवजी अकरा दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर आणि वहीत ऑर्डरी लिहिल्या. किती सुटल्या ते मोजलं नाही, मोजवलं नाही.

बरं, चिडून टेम्प्लेट बदलायला गेले तर दुसरा फटका. वस्तूंची पानं त्या टेम्प्लेटसोबत आलेल्या बिल्डरमध्ये (पानं मांडायच्या साधनात) बांधलेली होती. तो बंद केल्याबरोबर पापडाच्या वर्णनात सगळीकडे चौकटी कंसातली अगम्य अक्षरं. 43 वस्तू, भाचीला बसवून रात्री-रात्री पुन्हा टाइप केल्या. म्हणून सांगते, वस्तूचं वर्णन वूकॉमर्सच्या साध्या रकान्यातच लिहा. सजावट मुखपृष्ठावर काय करायची ती करा.

माझं मत विचाराल तर दोन्ही टेम्प्लेटं राहू द्या. स्टोअरफ्रंट, अ‍ॅस्ट्रा, केडन्स या टेम्प्लेटांपैकी एखाद्याची मोफत आवृत्ती घ्या आणि त्यावर वर्षभर धंदा करा. दिसायला सपक आहेत, मान्य. काहींना हे पटणार नाही, कपडे-दागिने विकणाऱ्यांचं गणित वेगळं असू शकतं. पण मिरची पूड घेणारा माणूस सरकणारी चित्रं बघायला येत नाही. त्याला तिखट किती, पाव किलो केवढ्याला आणि घरी कधी पोचणार एवढं हवं असतं. विकतचंच घ्यायचं असेल तर स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने घ्या आणि डिझायनरला फक्त फाइल द्या. साइट आधीच उभी असेल तर वूकॉमर्सच्या स्टेटस पानावर तळाशी टेम्प्लेटांची यादी असते, कुठल्या नकला जुन्या झाल्यात ते तिथे कळतं.

डेमो बघताना आणखी एक. तो परदेशी मॉडेलांच्या फोटोंनी सजलेला असतो. त्यात तुमचा ओसरीवर काढलेला मिरचीचा फोटो घालून बघा, मग खरं रूप कळेल. आणि मराठी मथळा टाकून बघाच! इंग्रजीसाठी अक्षरांत अंतर सोडलेलं असतं, त्याने आपली शिरोरेषा तुटते. ओळी दाटीच्या असल्या तर वेलांटी आणि उकार कापले जातात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फॉन्ट लावता येतो का ते आधीच विचारा. माझ्या पहिल्या साइटवर 'बिबडे' शब्दाचे तीन तुकडे दिसायचे, आणि मी ते सहा महिने फॅशन समजत होते.

विषय निघालाच आहे तर, वस्तूच्या पानावर एमआरपी, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआय क्रमांक ठळक दिसेल अशी जागा टेम्प्लेटमध्ये आहे का बघा. तक्रारीसाठी कोणाशी बोलायचं त्याचं नाव आणि संपर्कही साइटवर द्यावा लागतो. कायद्याचं नेमकं तुमच्या सीएला विचारा, मी वकील नाही.

दोन्ही डेमोंच्या लिंका इथे टाका. माझा फोन जुना, आमच्याकडे रेंज एक कांडी. त्याच्यावर पान किती वेळात उघडतं ते आज रात्री बघून सांगते. दुपारी जमणार नाही, मसाल्याची कुटाई चालू आहे.