मार्गशीर्ष महिन्यात गुरुवारच्या व्रताशिवाय आणखी काय असतं?

तुम्ही विचारलंय की तुमच्या घरी मार्गशीर्ष म्हणजे फक्त महालक्ष्मीचे गुरुवार, बाकी या महिन्यात सण किंवा सांगण्यासारखं काही असतं का. मी लातूर जिल्ह्यातला, औसा तालुक्यातला. आमच्याकडं वर्षातला सगळ्यात मोठा दिवस याच महिन्यात येतो आणि तो अमावस्येला येतो. जिला बाकी ठिकाणी अवस म्हणून टाळतात, त्या दिवसाची आमची लेकरं महिनाभर वाट बघतात.

त्याच्याकडं येतोच, आधी नावाचं. या महिन्याची पौर्णिमा मृग नक्षत्राच्या आसपास होते म्हणून मार्गशीर्ष. आता शेतकऱ्याच्या घरात मृग म्हटलं की जून आणि पेरणी आठवते. मग थंडीतल्या महिन्याला मृगाचं नाव कसं? लहानपणी मला याचं कोडं पडायचं. जूनच्या ७-८ तारखेला सूर्य मृगात शिरतो, त्यामुळं त्या चांदण्या उन्हाच्या उजेडात झाकून जातात. पौर्णिमेचा चंद्र मात्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. सहा महिन्यांनी सूर्य आभाळाच्या दुसऱ्या टोकाला गेला की पुनवेचा चंद्र मृगापाशी येतो आणि ते नक्षत्र रात्रभर दिसतं. म्हणजे ज्या मृगावर आपण खरीप पेरतो, तो नजरेला पडतो रब्बीच्या राखणीला. माझे आजोबा ज्वारीच्या जागलीला जायचे. हरणाच्या पोटात घुसलेला बाण म्हणतात त्या तीन चांदण्या, आमचं तिकांडं, डोक्यावर आलं की ते म्हणायचे, 'मध्यान्रात झाली.' डिसेंबरच्या मध्याला घड्याळ लावून बघा, बाराच्या आसपास ते खरोखर डोक्यावर असतं.

याच महिन्याचं जुनं नाव अग्रहायण, म्हणजे वर्षाची सुरुवात. कुठल्या तरी काळी वर्ष इथून मोजत असणार. सरकारी राष्ट्रीय पंचांगात आजही अग्रहायण हेच नाव आहे आणि तिथं तो २२ नोव्हेंबरला सुरू होतो. गीतेच्या दहाव्या अध्यायात कृष्ण 'महिन्यांमध्ये मी मार्गशीर्ष' म्हणतो, आणि गीताजयंतीही याच महिन्याच्या शुद्ध एकादशीला.

सण म्हणाल तर शुद्ध षष्ठीला चंपाषष्ठी. चातुर्मास पाळणाऱ्यांच्या घरी त्या दिवशी वांगं आणि कांदा परत येतो, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य, तळी भरायची, भंडारा उधळायचा. पौर्णिमेला दत्तजयंती, त्यासाठी आमच्याकडची माणसं माहूरला जातात. वद्य पक्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची जत्रा भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार बघायचा असेल तर तिथं जा, एक दिवस पुरत नाही.

आता येळवस. पुस्तकी नाव वेळ अमावस्या, मार्गशीर्ष अमावस्येचा दिवस. लातूर, धाराशिव आणि आजूबाजूच्या काही भागांत, शिवाय सीमेपलीकडं बिदर-कलबुर्गीतही ती होते. कानडीत तिला 'एळ्ळ अमावस्या' म्हणतात, एळ्ळु म्हणजे तीळ. आमचं 'येळवस' तिथूनच आलं असावं असं मला वाटतं. आमच्याकडं जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. लातूर शहरात दुपारी बाहेर पडलात तर रस्ते ओस, दुकानं बंद, सगळं शहर रानात.

आदल्या रात्री आईचा डोळ्याला डोळा लागत नाही. भज्जीसाठी तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे हिरवे दाणे सोलून ठेवलेले असतात. पहाटे ती चिंचेच्या कोळात आणि ताकात डाळीचं पीठ कालवते, त्यात दाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, चार बोरंसुद्धा पडतात. हे पातेलं ढवळत राहावं लागतं, नाहीतर तळाला धरतं. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, तिळाची पोळी, गव्हाची खीर. आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, मातीच्या बिंदग्यात. ते बिंदगं डोक्यावर घेऊन माझी चुलती पुढं आणि आम्ही सगळे मागं. बांधावरून चालताना आंबील हिंदकळून तिच्या कपाळावर ओघळायची, पण तिनं बिंदगं कधी खाली ठेवलं नाही.

रानात कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोपी करतात, वर शाल पांघरतात. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली की घरचा कर्ता माणूस आंबील घेऊन पिकावर चर शिंपत, म्हणजे आंबिलीचे शिंतोडे टाकत, रानाला फेरी मारतो आणि मागची पोरं ओरडतात, 'ओलगे ओलगे, सालम पलगे!' शब्द गावागणिक थोडे बदलतात, आवाज मात्र सगळीकडं तेवढाच मोठा. मग पंगत. ज्याचं शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. भज्जी मी पुण्यात दोनदा करून बघितली. दाणे तेच, चिंच तीच, तरी ज्वारीच्या पाटात मांडी घालून खाल्लेली चव आली नाही.

एक गंमत तुमच्या उपयोगाची. २०२४ सालात येळवस दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. २०२५ मध्ये १९ डिसेंबरला. २०२६ मध्ये मात्र ती येतच नाही! चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून सण दरवर्षी अलीकडं सरकतो, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यानं तो एकदम पुढं ढकलला जाऊन ७ जानेवारी २०२७ ला पडतो. खुद्द मार्गशीर्ष मात्र सहसा अधिक होत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, त्या दिवसांत सूर्य एक रास लवकर ओलांडतो, त्यामुळं दोन संक्रांतींच्या, म्हणजे सूर्याच्या दोन राशीबदलांच्या मधे अख्खा चांद्र महिना बसायला जागाच उरत नाही.

तर ७ जानेवारीला लातूरकडं या, मुक्कामाच्या तयारीनं. दुपारच्या पंगतीला सगळेच असतात, पण तुम्ही दिवस मावळेपर्यंत थांबा. तेव्हा कडब्याचा हेंडगा, म्हणजे मशाल पेटवून रानाभोवती फिरवतात. तो विझला की अवसेचा गच्च अंधार होतो, आणि मग पूर्वेकडं, ज्वारीच्या कणसांच्या वर, मृग दिसतो.