टू-डी इको नॉर्मल, मग चढावर छातीत का दाटतं?

वाचकांचे प्रश्न : हृदयाच्या तपासण्या

प्रश्न : वय ५४. पर्वती चढताना निम्म्या वाटेत छातीवर दाब येतो, दोन मिनिटं थांबलं की जातो. ईसीजी आणि टू-डी इको दोन्ही नॉर्मल आले. अ‍ॅसिडिटी समजून सोडून द्यायचं का? (सिंहगड रस्ता)

उत्तर : मुळीच नाही. चढताना येणारा आणि थांबल्यावर जाणारा दाब हे अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणाऱ्या त्रासाचं, ठरलेलं लक्षण आहे. तुमच्या दोन्ही तपासण्या तुम्ही स्वस्थ पडलेले असताना झाल्या. इकोत हृदयाचे कप्पे, झडपा आणि भिंतींची हालचाल दिसते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर रुंद असतात, त्यांच्या आतलं ब्लॉकेज इकोत दिसत नाही. धमनी बरीच अरुंद झाली तरी विश्रांतीत लागणारं रक्त तेवढ्यातून पुरतं, त्यामुळे भिंती व्यवस्थित हलतात. तुटवडा पडतो तो चढ लागल्यावर.

पुढची पायरी सीटी अँजिओ (शिरेतून डाय देऊन धमन्यांचं सीटी स्कॅन) किंवा स्ट्रेस इको (हृदयावर ताण देऊन केलेला इको). कोणती, ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. साधी टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) करायची ठरली तर तिचा रिपोर्ट नीट वाचा. तिथे दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवतात. २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के, म्हणजे तुमच्यासाठी मिनिटाला सुमारे १४१ ठोके गाठायचे असतात. गुडघे दुखले म्हणून ११५ वरच थांबलात, तर ‘निगेटिव्ह’ या शेऱ्याला अर्थ उरत नाही. ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर त्या दिवशी घ्यायची की नाही, हे आधी विचारून घ्या.

तज्ज्ञांना दाखवेपर्यंत पर्वती बंद ठेवा. बसल्या जागी दाब आला, १० मिनिटांत गेला नाही किंवा घाम फुटला, तर तपासणीची तारीख विसरा आणि १०८ ला फोन करा.

प्रश्न : आईचं (वय ६२, मधुमेह) सीटी अँजिओ झालं, पण ‘उजवी धमनी स्पष्ट दिसत नाही’ असं लिहून आलं. आता पुन्हा करायला सांगतात. असं का होतं, आणि या वेळी काय सांभाळायचं? (हडपसर)

उत्तर : बहुतेक वेळा कारण एकच असतं, ठोके जास्त होते. दोन ठोक्यांच्या मधे हृदय क्षणभर स्थिर असतं आणि मशीन ईसीजीकडे बघून नेमक्या त्या क्षणाचं चित्र घेतं. ठोके ६५ च्या वर गेले की तो क्षण आखूड होतो. उजवी धमनी सगळ्यांत जास्त हलते, म्हणून आधी तीच फरफटल्यासारखी दिसते. चित्रात धमनीची कड पायऱ्या पडल्यासारखी तुटलेली दिसली, तर श्वास हलला किंवा मधेच एखादा ठोका चुकला असं समजावं.

या वेळी आदल्या रात्रीपासून, म्हणजे १२ तास, चहा-कॉफी नको. ३ ते ४ तास उपाशी, पाणी मात्र चालतं. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट जवळ हवा, कारण धमन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून ६० ते ८० मिलिलिटर आयोडीनयुक्त डाय जातं. मूत्रपिंड अशक्त असेल, ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ३० च्या खाली असेल, तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी थांबवावी लागते आणि ४८ तासांनी रक्त तपासूनच पुन्हा सुरू करतात. पूर्वी डायची अ‍ॅलर्जी आली असेल किंवा दमा असेल, तर बुकिंग करतानाच सांगा. दम्याचा संबंध मेटोप्रोलॉलशी आहे. ठोके कमी करायला ही गोळी साधारण तासभर आधी देतात आणि ती दमेकऱ्यांना सोसेलच असं नाही. धमन्या रुंद व्हाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीनही देतात. पुरुष वाचकांसाठी महत्त्वाचं : लैंगिक ताठरतेसाठीची गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत, घेतली असेल, तर संकोच न करता सांगा, नाहीतर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो.

आणि श्वास. आईंकडून घरीच सराव करून घ्या : मध्यम श्वास आत, १० सेकंद थांबायचं, कुंथायचं नाही. छाती ताणून श्वास भरला की ठोके बदलतात, कुंथलं की डाय हृदयात वेळेवर पोचत नाही. डाय जाताना अंगभर गरम वाटतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. हे आधी ठाऊक नसलं की पेशंट दचकतो, आणि नेमके तेव्हाच ठोके वाढतात. गोळी देऊनही ठोके उतरले नसतील, तर आणखी अर्धा तास थांबता येईल का असं जरूर विचारा. घाईत पुन्हा तसंच चित्र येण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न : वय ३८, सिगारेट आहे. कॅल्शियम स्कोअर शून्य आला. निश्चिंत राहू? (वाकड)

उत्तर : नको. या तपासणीत धमनीच्या भिंतीतला फक्त चुना (कॅल्शियम) धरलेला थर मोजला जातो. तुमच्या वयात थर मऊ असू शकतो, तो यात दिसत नाही. सिगारेट सोडा.

प्रश्न : बाबांच्या (वय ६७) मुख्य पुढच्या धमनीत सीटीवर ६० टक्के ब्लॉकेज आहे. त्रास फारसा नाही. लगेच स्टेंट टाकायचा का? (कोथरूड)

उत्तर : एवढ्या आकड्यावर नाही. चुना असला की सीटीत तो फुगून दिसतो आणि ब्लॉकेज आहे त्यापेक्षा मोठं वाटतं. खरा प्रश्न पलीकडे रक्त किती पोचतं हा आहे. तो सोडवायला स्ट्रेस तपासणी आहे, किंवा मनगटातून अँजिओग्राफी करताना एफएफआर. त्यात ब्लॉकेजच्या पलीकडे बारीक तार नेऊन दाब मोजतात. पलीकडचा दाब महाधमनीतल्या दाबाच्या ०.८० पट किंवा त्याहून कमी असेल, तर ते ब्लॉकेज अडवणारं धरतात. त्याहून जास्त असेल तर सहसा औषधांवर भागतं.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया या अभ्यासात ५,१७९ स्थिर रुग्ण होते. आधी अँजिओग्राफी आणि स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत मृत्यू वा हार्ट अ‍ॅटॅक एकंदरीत कमी झाले नाहीत; छातीदुखी असणाऱ्यांना आराम मात्र जास्त मिळाला. डाव्या मुख्य धमनीच्या मुळाशी ब्लॉकेज असलेले, पंपिंग (दर ठोक्याला हृदय बाहेर टाकतं त्या रक्ताचं प्रमाण) ३५ टक्क्यांखाली गेलेले आणि नुकताच अ‍ॅटॅक आलेले रुग्ण त्यात नव्हते. बाबा यांतल्या कशात बसतात का, ते आधी बघा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) मात्र टाळू नका. स्कॉट-हार्ट अभ्यासात सीटी अँजिओ झालेल्या गटात ५ वर्षांत हृदयविकाराने मृत्यू वा अ‍ॅटॅक २.३ टक्के, तर नेहमीच्या तपासण्यांच्या गटात ३.९ टक्के होते. या फरकामागे वेळेवर सुरू झालेली औषधं असल्याचं मानलं जातं.

दुसरं मत घ्यायला जाताना नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, स्कॅनची सीडी मागून घ्या. रिपोर्टमधला ‘६०’ कुणीतरी नजरेने ठरवलेला असतो. दुसऱ्या तज्ज्ञाला तो पडताळायचा तर मूळ चित्रंच हवीत.

प्रश्न : मामांना जुना अ‍ॅटॅक, पंपिंग ३० टक्के, एक स्टेंट आहे. एमआरआय सांगितलाय. स्टेंट असताना चालतो? (चिंचवड)

उत्तर : चालतो. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम हे डाय दिल्यावर हृदयाचा मेलेला स्नायू, म्हणजे व्रण, पांढरा उजळतो. व्रण भिंतीच्या निम्म्यापेक्षा कमी जाडीत असेल, तर तो भाग सावरण्याची शक्यता बरी असते. पाऊण ते एक तास आडवं पडून पुनःपुन्हा श्वास रोखावा लागतो, तेव्हा धाप लागत असेल तर आधी कळवा. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड अपॉइंटमेंट घेतानाच दाखवा, कारण तो एमआरआय मोडवर टाकायला वेगळा माणूस बोलवावा लागतो.