लेखनशंका : वीस मिनिटांची रांग

प्रश्न : मी एक दीर्घ विज्ञानकथा लिहिते आहे. तिच्यातले मध्यमवयीन जोडपे कालयंत्रातून एका मनोरंजन उद्यानात पोहोचते. तिथली प्रत्येक राइड एखाद्या पुराणकथेवर बेतलेली असून तिच्यात बसले की दोघे खरोखरच त्या काळात जातात. सात राइड आणि सात साहसे अशी योजना आहे. पहिला खर्डा वाचून माझ्या नवऱ्याने ‘हे साहस नाही, सहल आहे’ असा शेरा मारला. तो मला पटला, पण चूक नेमकी कुठे झाली हे उमगत नाही.

उत्तर : आपल्या यजमानांनी एका शब्दात जे सांगितले, ते उलगडून सांगायला मला बरीच जागा लागणार आहे. मनोरंजन उद्यान आणि तिथे येणारा माणूस यांच्यात एक अलिखित करार असतो. भीती हवी तेवढी मिळेल, धोका मिळणार नाही. आणि जिथून बसलात तिथेच, जसे बसलात तसेच आणून उतरवले जाईल. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन डेल्स येथे ग्रीक पुराणकथांवर उभारलेले एक उद्यान आहे. तिथला ‘हेडीस’ (म्हणजे ग्रीकांचे पाताळ) नावाचा लाकडी रोलर कोस्टर २००५ साली सुरू झाला. तो वाहनतळाखालच्या बोगद्यातून माणसांना पाताळात नेतो आणि पाहता पाहता सुखरूप वर आणतो. मूळ कथेतला ऑर्फियस त्याच पाताळात आपल्या मृत पत्नीला परत आणायला गेला होता. बाहेर पडेपर्यंत मागे वळून पाहायचे नाही, एवढी एकच अट त्याला घातलेली होती, आणि ती त्याने अगदी शेवटच्या टप्प्यावर मोडली. राइडमध्ये मागे वळून पाहिले तर फार तर मान अवघडते. आपली सातही साहसे उद्यानाच्या करारात राहून घडतात; पुराणकथेची अट त्यांतल्या एकालाही लागू होत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. आपले जोडपे एकत्र जाते, एकत्र परतते आणि परतल्यावर उद्यानातल्या घड्याळाचा काटाही हललेला नसतो. पुराणांना असा फुकटचा प्रवास मान्य नाही. भागवताच्या नवव्या स्कंधात राजा ककुद्मी आपल्या मुलीसाठी, रेवतीसाठी, वर सुचवावा म्हणून तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो. तिथे गंधर्वांचे गायन चालू असल्यामुळे तो क्षणभर थांबतो. गायन संपल्यावर तो आपले मनोगत सांगतो, तेव्हा ब्रह्मदेव हसून म्हणतो की तुझ्या मनात असलेल्या वरांचेच काय, त्यांच्या नातवंडांचेही नाव आता ऐकू येत नाही, कारण दरम्यान सत्तावीस चतुर्युगे उलटून गेली आहेत. एक चतुर्युग ४३,२०,००० वर्षांचे, म्हणजे हा काळ ११ कोटी ६६ लाख ४० हजार वर्षांचा झाला. ब्रह्मदेवाचा एक दिवस एक हजार चतुर्युगांचा असतो. तो दिवस आपल्या बारा तासांचा मानून मी सहज त्रैराशिक मांडले, तर ककुद्मीचे थांबणे साधारण साडेएकोणीस मिनिटांचे निघाले. राइडच्या रांगेत माणूस एवढा वेळ तर कुरकुर न करताही उभा राहतो.

माझी सूचना अशी की सातपैकी पाच राइड काढून टाकाव्यात आणि उरलेल्या दोहोंपैकी एक ब्रह्मलोकाची ठेवावी. नायकाला उंचीची धास्ती वाटते म्हणून तो खालीच थांबतो आणि नायिका एकटी वर जाते. तिथे तिची वीस मिनिटे जातात आणि इकडे त्याची वीस वर्षे. (इथे पुराणाचे प्रमाण वापरू नये, खाली वाट पाहायला कोणीच उरणार नाही.) तो थांबला असेल का, थांबला असेल तर कोणत्या आशेवर, आणि ‘एवढा वेळ कुठे होतीस’ या प्रश्नाला ती काय उत्तर देईल, एवढ्यावर आपली कथा उभी राहील. आयरिश कथेतला ओशीन आपल्या प्रेयसीबरोबर, नीव्हबरोबर, चिरतारुण्याच्या देशात राहतो आणि तीनशे वर्षांनी एकटाच मायदेशी येतो. घोड्यावरून घसरून त्याचे अंग जमिनीला लागते आणि त्याच क्षणी तो जराजर्जर होतो. रेवतीचे पुढे बलरामाशी लग्न झाले, पण ती जुन्या युगातली असल्यामुळे फार उंच होती, आणि बलरामाने नांगराच्या टोकाने तिला बेताची केली, असे विष्णुपुराण सांगते. दोन काळांतल्या माणसांनी संसार मांडायचा तर कोणाला तरी स्वतःत बदल सोसावा लागतो, हे त्या कथाकाराने ओळखले होते. तो तिनेच का सोसावा, हा प्रश्न आपली नायिका विचारू शकेल.

प्रश्न : पुराणकथेचा शेवट वाचकाला आणि माझ्या पात्रांनाही ठाऊक असतो. मग उत्कंठा कुठून आणायची?

उत्तर : सावित्रीला तो ठाऊक होताच. सत्यवान बरोबर एक वर्षाने मरणार, हे नारदाने लग्नाआधीच सांगितले होते, आणि तरीही महाभारताच्या वनपर्वातले ते आख्यान आपल्याला धरून ठेवते, कारण माहीत असलेल्या दिवसाची ती कशी तयारी करते हे आपल्याला पाहायचे असते. आपल्याला त्याहून अधिक उपयोगी पडेल तो तिने यमाला घातलेला पेच. सत्यवानापासून शंभर पुत्र व्हावेत असा वर ती मागते, यम तो देऊन बसतो आणि मग स्वतःचाच शब्द खरा करण्यासाठी त्याला सत्यवानाचे प्राण सोडावे लागतात. नियम न मोडता, नियमालाच नियमाविरुद्ध उभे करून तिने काम साधले. भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांचे तत्त्व असे की कालप्रवास शक्य असलाच, तरी विसंगती निर्माण करणारी घटना घडूच शकत नाही. आपल्या जोडप्याला भूतकाळ बदलायला लावून नंतर कालयंत्राच्या बिघाडावर खापर फोडण्यापेक्षा त्यांना सावित्रीसारखी फट शोधू द्यावी.

प्रश्न : कोणते युग आले आहे हे पात्रांना कसे कळावे? मी प्रत्येक ठिकाणी सूचनाफलक लावला आहे.

उत्तर : फलक काढावेत. युगानुयुगे झोपलेला मुचुकुंद गुहेबाहेर आला, तेव्हा माणसे, जनावरे आणि झाडेझुडपे खुजी झालेली पाहून कलियुग आल्याचे त्याने ओळखले.

दुसऱ्या एका वाचकाचा प्रश्न : कालप्रवास आणि करमणुकीची राइड यांची सांगड ओढूनताणून घातल्यासारखी वाटत नाही का?

उत्तर : ही सांगड जवळजवळ कालयंत्राइतकीच जुनी आहे. एच. जी. वेल्स यांची ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी १८९५ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनमधील उपकरणनिर्माते रॉबर्ट पॉल यांनी तिच्यावरून सुचलेल्या एका खेळाच्या पेटंटसाठी अर्ज केला. प्रेक्षकांना डोलणाऱ्या फलाटांवर बसवायचे, प्रवासाचा भास व्हावा म्हणून त्यांच्या अंगावर वाऱ्याचा झोत सोडायचा आणि समोर निरनिराळ्या काळांतली दृश्ये पडद्यावर उमटवायची, अशी ती कल्पना होती. तो खेळ प्रत्यक्षात उभा राहिला नाही. १९०१ साली अमेरिकेतल्या बफेलोच्या प्रदर्शनात आलेली ‘चंद्राची सफर’ ही राइड मात्र चांगलीच गाजली आणि पुढे कोनी आयलंडच्या उद्यानात गेली. पॉल यांच्या अर्जातला मला सर्वांत आवडलेला भाग परतीच्या प्रवासाविषयी आहे. प्रेक्षकांना वर्तमानात आणून सोडावे, किंवा वर्तमानाचा थांबा चुकून मागे पडला असे भासवून यंत्र भूतकाळातल्याच एखाद्या दृश्यापाशी उभे करावे, असा पर्याय त्यांनी नोंदवून ठेवला होता. पहिल्या पत्रातल्या जोडप्याचे यंत्र मात्र सातही वेळा ठरलेल्या थांब्यावरच उभे राहते.