किनाऱ्यावर गेलं की डीएसएलआरचा ऑटोफोकस का गंडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कॅनन १५००डी कॅमेरा आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० लेन्स, घरात-अंगणात फोकस झकास लागतो पण हर्णैच्या किनाऱ्यावर गेलं की लेन्स नुसती घर्र घर्र पुढे-मागे होत बसते, कधी क्लिकच होत नाही, झालं तर फोटो सॉफ्ट, आणि दुकानवाला म्हणतो लेन्सची फोकसची मोटर गेली, रिपेअरला टाका. तर आधी एवढंच सांगतो, इतक्यात टाकू नका. मोटर गेली असती तर अंगणात पण गेलीच असती की, ती काय भरती-ओहोटी बघून बंद पडते होय?

मी गुहागर साइडला लग्नं, प्री-वेडिंग, शिमग्याच्या पालख्या असलं सगळं शूट करतो, आणि ही तक्रार आमच्याकडे नवीन कॅमेरा घेतलेला प्रत्येक जण घेऊन येतो. बहुतेक वेळा कॅमेरा धडधाकट असतो, फक्त त्याला धरायला काही मिळत नसतं.

म्हणजे बघा, तुम्ही व्ह्यूफाइंडरला डोळा लावता तेव्हा आतला आरसा थोडा उजेड आरपार सोडतो, त्याच्यामागे एक छोटा आरसा असतो तो हा उजेड खाली कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकसच्या सेन्सरवर टाकतो, आणि तो सेन्सर लेन्सच्या दोन बाजूंनी आलेली चित्रं एकमेकांशी जुळवून बघतो. जुळवायला त्याला कड लागते, गडद-फिकं असं काहीतरी. आता हर्णैच्या वाळूवर उभं राहून समोर कॅमेरा धरला की काय दिसतं? वर कोरं आभाळ, खाली ओली वाळू, मधे फेस. कड कुठेच नाही. मग बिचारी लेन्स जवळपासून अनंतापर्यंत सगळं धुंडाळते आणि हात टेकते.

तुमच्या बॉडीत फोकसचे पॉइंट नऊ आहेत आणि त्यातला फक्त मधला क्रॉस टाइप आहे, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा त्याला कळतात. बाजूचे आठ एकाच दिशेच्या रेषा ओळखतात. आणि समुद्रावर तर बहुतेक एकच रेष असते, क्षितिजाची! ती त्या पॉइंटला नको त्या दिशेने आली की त्याच्या दृष्टीने तिथे काहीच नाही. त्यामुळे पहिलं काम म्हणजे हिरवा फुल ऑटो मोड सोडा, त्यात पॉइंट तुम्हाला निवडताच येत नाही. मोडच्या चाकावर पी किंवा एव्हीवर या, मधला पॉइंट सिलेक्ट करा आणि तो नेऊन ठेवा बोटीच्या पुढच्या अंगाला रंगवलेल्या नंबरावर, डोलकाठीवर नाहीतर सुवर्णदुर्गाच्या तटाच्या वरच्या कडेवर. हाफ प्रेस करा, म्हणजे शटरचं बटण अर्धंच दाबा, व्ह्यूफाइंडरमध्ये उजव्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका स्थिर झाला की बटण तसंच दाबून धरून फ्रेम हवी तशी फिरवा आणि क्लिक करा. ठिपका लुकलुकतोय म्हणजे फोकस लागलेला नाही. काहीच सापडत नसेल तर कॅमेरा थोडा तिरका धरून फोकस घ्या, मग सरळ करा, विचित्र वाटेल पण चालतं.

लिलावाच्या वेळी मासळीवर फोकस मारायला जाल तर पापलेटच्या ओल्या चकाकीवर पण तो फसतो, तिथे टोपलीची कड पकडा.

आता तुमच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत हे लक्षात घ्या. क्लिक होतच नाही ही वन शॉट या फोकस मोडची सवय आहे, त्यात फोकस लागल्याशिवाय शटर पडत नाही. आणि क्लिक होतो पण फोटो सॉफ्ट, हे हलत्या गोष्टींसाठीच्या एआय सर्व्हो मोडमध्ये होतं, तिथे फोकस लागो न लागो कॅमेरा क्लिक मारून मोकळा. तिसरा एआय फोकस म्हणून आहे तो या दोघांत स्वतःच उड्या मारतो, फुल ऑटोमध्ये तोच असतो, मला विचाराल तर तो मोड नसता तरी कोणाचं काही अडलं नसतं. स्थिर गोष्टीला वन शॉट, सीगलला आणि पळणाऱ्या पोरांना सर्व्हो, विषय संपला.

सीगलचं निघालंच आहे तर, थंडीत ते थव्याने येतात तेव्हा लोक ५५-२५० थेट आभाळाकडे रोखतात आणि म्हणतात पक्षी दिसतच नाही. दिसणार कसा, लेन्स आधीच्या फोटोमुळे दोन मीटरवर अडकलेली असते, एवढ्या आउट ऑफ फोकसमध्ये पक्षी म्हणजे नुसता पुसट डाग, कॅमेऱ्याला तो कळतच नाही. आधी साधारण तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या बोटीवर फोकस घ्या, मग वर उचला, पक्षी मधल्या पॉइंटखाली आणा, हाफ प्रेस धरून थोडं सोबत फिरा आणि मग बर्स्ट, म्हणजे लागोपाठ फोटो, सोडा. शटर १/१००० च्या वर ठेवा. त्याखाली जे सॉफ्ट येतं त्याचा बराचसा दोष फोकसचा नसतोच, शेक असतो. ओळखायचं कसं, तर फोटो कॅमेऱ्यातच पूर्ण झूम करून बघा. पक्षी धूसर पण मागची बोट चक्क शार्प, म्हणजे फोकस चुकला. काहीच शार्प नाही आणि सगळं एका दिशेला ओढल्यासारखं, म्हणजे हात हलला. आणि भर दुपारी तापलेल्या वाळूवरून लांबचं टिपलं तर गरम हवेच्या लहरींनी फोटो वितळल्यासारखा येतो, त्यावर जगातली कुठलीही लेन्स घेऊन उपयोग नाही, सकाळी लवकर जा.

आता लेन्सकडे. तुमची १८-५५ आणि ५५-२५० जर आयएस टू वाली असेल (लेन्सवर एसटीएम लिहिलेलं नसेल) तर फोकस होताना पुढची रिंग स्वतः फिरते. खूप जण डावा हात नेमका त्या रिंगवर घट्ट धरतात, मोटर बिचारी जोर लावते आणि घर्र घर्र तिथूनच येतं. हात मागे झूम रिंगवर ठेवा. एएफवर असताना ती पुढची रिंग जबरदस्तीने फिरवू पण नका, आतली दातेरी चाकं खरंच खराब होतात. फिरवताना बारीक करकर लागली तर आत वाळू गेलीय, मग मात्र थांबा, ते काम रिपेअरवाल्याचंच. लेन्सच्या कडेचा एएफ-एमएफ स्विच बघा हे सांगायला लाज वाटते पण बॅगेतून काढताना तो सरकतो, अगदी रोज कोणाचा तरी सरकतो. जवळचं शूट करत असाल तर अंतर बघा, १८-५५ ला २५ सेंटीमीटर चालतं पण ५५-२५० आयएस टू ला १.१ मीटर लागतं, एसटीएमला ०.८५. पायापाशी बसलेल्या खेकड्यावर ती फोकस करणारच नाही.

आणि आता आपल्या कोकणाचा खास विषय, खारी हवा. तासभर वाऱ्याच्या तोंडावर उभे राहिलात की लेन्सपुढे लावलेल्या यूव्ही फिल्टरच्या काचेवर मिठाचा पातळ थर बसतो. समोरून काच स्वच्छच दिसते, पण फिल्टर काढून खिडकीच्या उजेडात तिरका धरा, मग दुधाळ पापुद्रा दिसेल, बोट फिरवलं तर किंचित चिकट. त्याने कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-फिक्यातला फरक, मरतो आणि कॉन्ट्रास्ट मेला की फोकस लंगडतो. पुसताना शर्टाचं टोक किंवा ओढणी अजिबात नको, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअर, मग लेन्स क्लीनरने ओलसर केलेलं मायक्रोफायबर, हलक्या हाताने. फिल्टर अगदीच स्वस्तातला असेल तर एकदा तो काढून तेच फोटो काढून बघा, कधी कधी सगळं प्रकरण तिथेच मिटतं. पोलरायझर वापरत असाल तर तो सर्क्युलरच हवा, जुना लिनिअर असेल तर फोकस आणि मीटरिंग दोन्ही गडबडतं.

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढता का? मग थंड काचेवर दमट हवेचं दव धरतं आणि कॅमेऱ्यासमोर धुक्याशिवाय काही उरत नाही. बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या. घाई असेल तर गाडी पोचायच्या आधीच एसी बंद करा, घामाघूम झालात तरी चालेल.

लेन्स काढून मागे सोनेरी ठिपक्यांची रांग बघा, तिथून बॉडी आणि लेन्स एकमेकांशी बोलतात. काळपट-हिरवट दिसली किंवा स्क्रीनवर कधी एरर ०१ आला असेल तर ती रांग साफ करायला झालीय. कॅमेरा बंद करून कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, नाही निघालं तर इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून. खोडरबर घासायचा सल्ला कुणीतरी देईलच, ऐकू नका, त्याचा चुरा आत पडतो. बॉडीवरच्या पिना स्प्रिंगच्या असतात, त्या दाबू नका. आरशाला तर हातच लावू नका.

पावसाळ्यात बॅगेतच ठेवून दिला असेल तर लेन्समधून मोबाईलची टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. थोडीशी असेल तर फोकसवर लगेच फरक पडत नाही पण वाढत जाते. हवाबंद डबा, सिलिका जेल, आत ४०-५० टक्के दमटपणा, एवढं पुरतं. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, भुकटी बसते. आणि सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून वाळवायला स्वयंपाकाचा तवा घेऊ नका, निळ्या दाण्यांत विषारी कोबाल्ट असतो.

एवढं सगळं करून सुद्धा शंका उरली तर घरी ही टेस्ट करा. वर्तमानपत्र टेबलावर पसरा, कॅमेरा ट्रायपॉडवर तिरका रोखा, ५५ वर झूम, लेन्सचं अॅपर्चर जितकं उघडेल तितकं उघडं, दोन सेकंदाचा टायमर. मधल्या पॉइंटने एका ठरावीक ओळीवर फोकस घेऊन व्ह्यूफाइंडरमधून काही फोटो काढा, दर वेळी मधे फोकस मुद्दाम बिघडवून. मग तेच लाइव्ह व्ह्यूमधून काढा. लाइव्ह व्ह्यूमध्ये (म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून) फोकस सहसा थेट मुख्य सेन्सरवरून घेतला जातो, खालच्या सेन्सरचा संबंध नाही, फक्त क्विक मोड निवडलेला नको. लाइव्ह व्ह्यूचे फोटो त्याच ओळीवर शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे दर वेळी पुढच्याच किंवा दर वेळी मागच्याच ओळीवर, असं असेल तर खरंच फ्रंट किंवा बॅक फोकस आहे. १५००डी मध्ये मायक्रो अॅडजस्टमेंट, म्हणजे ही चूक कॅमेऱ्यातच सुधारायची सोय, नाही, त्यामुळे ते सर्व्हिस सेंटरलाच कॅलिब्रेट करून घ्यावं लागेल, बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्र द्या. दोन्हीकडे धूसर आलं तर लेन्स बघा, कुणा मित्राची लेन्स तुमच्या बॉडीला आणि तुमची त्याच्या बॉडीला लावली की दोषी लगेच सापडतो.

आणि व्ह्यूफाइंडरमधूनच सगळं अंधुक दिसत असेल, अक्षरं-आकडे सुद्धा, तर ते तुमच्या चष्म्याच्या नंबरचं आहे, शेजारचं बारीक डायऑप्टर चाक फिरवा.

टेस्टचे दोन फोटो इथे टाका, मोड आणि शटर स्पीड लिहून. दुकानात जायचं की नाही ते त्यावरून सांगतो.