एकच उदबत्ती कशासाठी? थाई भूत-प्रेममालिकांविषयी वाचकांचे प्रश्न

‘हीज कमिंग टू मी’ ही थाई बीएल (बॉइज लव्ह, म्हणजे दोन मुलांच्या प्रेमाची) मालिका पाहिली. आवडली, पण त्यातली माणसं जेवणाची ताटं घेऊन स्मशानात का जातात आणि मेलेल्या माणसासमोर उदबत्ती एकच का लावतात, ते कळलं नाही. – एक वाचक, सांगली

हा प्रश्न तुम्हाला पडला हे फार चांगलं झालं, कारण मालिकेचा जीव त्यातच आहे. थायलंडमधल्या चिनी वंशाच्या कुटुंबांत, आणि त्यांत तेओच्यू लोक सर्वांत जास्त, दरवर्षी ४-५ एप्रिलच्या सुमारास ‘चेंग मेंग’ पाळतात. अख्खं घर पूर्वजांच्या कबरीवर जातं. गवत उपटायचं, फिकी पडलेली अक्षरं पुन्हा रंगवायची, मातीच्या उंचवट्यावर रंगीत कागद पसरायचे, मांस, फळं, चहा मांडायचा आणि शेवटी कागदी नोटा जाळायच्या. मालिकेच्या मूळ थाई नावाचा अर्थच असा आहे की, तो माझ्या शेजारच्या कबरीवर चेंग मेंगला आला. हे बोलणारा आहे भूत, म्हणजे मेस. शेजाऱ्याकडे दरवर्षी माणसं येतात, याच्याकडे कुणीच फिरकत नाही. हे एकदा ध्यानात आलं की पहिला भाग नुसता गोड राहत नाही, पोटात तुटतं. मालिका मार्च-एप्रिल २०१९ मध्ये, म्हणजे ऐन चेंग मेंगच्या मोसमात दाखवली गेली.

आता उदबत्ती. थाई रिवाजात बुद्धासमोर तीन लावतात, मृतासाठी एक. ती जळून संपली की समोरचं अन्न त्या माणसाला पोचलं असं धरतात. मग त्याची परवानगी मागून ते ताट उचलायचं आणि घरच्यांनी खायचं. आपण पितरांचं पान ठेवून कावळ्याची वाट बघतो, तशीच ही वाट बघणं. त्यामुळे या मालिकांत जिवंत मुलगा भुतासाठी उदबत्ती लावतो तेव्हा तो त्याला जेवू घालत असतो. प्रेमाची पहिली कबुली बहुतेक वेळा तीच असते. तोंडाने बोलणं पुष्कळ नंतर येतं. दिग्दर्शक नोप्पार्नाच चैयविमोन (सगळे त्याला ऑफ म्हणतात) अशा साध्या कृतींवर घाई करत नाही. तुम्हीही तिथे पुढे ढकलू नका.

दोघांतला एक मेलेलाच का? दोन मुलांचं प्रेम तिकडे उघड दाखवता येत नाही म्हणून का? – एक वाचक, ठाणे

नाही. थायलंडमध्ये दोन्ही जिवंत नायकांच्या बीएल मालिका दरवर्षी ढिगाने येतात, आणि २३ जानेवारी २०२५ पासून तिथे समलिंगी विवाहाचा कायदाही लागू झाला आहे. भुताशी संसार ही त्या देशाची जुनी गोष्ट आहे. बाळंतपणात मेलेली आणि नवरा युद्धावरून परतल्यावर जिवंत असल्यासारखी त्याच्याबरोबर नांदलेली मे नाक सगळ्यांना ठाऊक असते. बँकॉकच्या वाट महाबुट मंदिरात तिचं देऊळ आहे, तिथे लोक आजही नवस बोलतात. तिच्यावर १९९९ आणि २०१३ मध्ये आलेले चित्रपट प्रचंड चालले. बीएलने तीच चौकट घेतली आणि एक गोष्ट वाढवली: प्रियकर फक्त एकालाच दिसतो. ज्याला आपलं प्रेम घरात सांगता येत नाही, त्याची अवस्था याहून नेमकी दाखवणं कठीण आहे. तिऱ्हाइताच्या नजरेतून घेतलेले शॉट मुद्दाम पाहा. त्यांत नायक एकटाच हवेशी बोलताना दिसतो.

देवळात भिक्खूंसमोर वाटीत पाणी ओततात, ते काय असतं? – एक वाचक, मडगाव

त्याला ‘क्रुआत नाम’ म्हणतात. आधी भिक्खूंना अन्न किंवा वस्तू दान करायच्या. ते मंत्र म्हणू लागले की लहान झारीतून वाटीत संथ धार धरायची आणि मिळालेलं पुण्य ज्याला द्यायचं त्याचं नाव मनात घ्यायचं. नंतर ते पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतायचं. मृत्यूनंतर ५० व्या आणि १०० व्या दिवशीही पुण्यकर्म करतात.

कथेचा पेच इथेच तयार होतो. अपघाताने किंवा खुनाने अकाली गेलेल्याला ‘फी ताय होंग’ म्हणतात. तो मेल्या जागी अडकतो अशी समजूत आहे. त्याला सोडवायचं तर तो कोण, कसा गेला, हे शोधावं लागतं, म्हणून प्रेमकथेला रहस्य जोडलेलं असतं. आणि पुण्य पोचलं की तो पुढच्या जन्माला निघणार! म्हणजे ज्याच्यावर जीव जडला त्याच्यासाठी चांगलं करावं तितका तो दूर जातो. आमच्या मते मालिका कच्ची की पक्की हे इथे कळतं. भूत कधी वस्तूला हात लावू शकतं, कुठवर जाऊ शकतं, हे नियम दुसऱ्या-तिसऱ्या भागापर्यंत ठरले नाहीत, तर शेवटचा वियोग लेखकाच्या मर्जीने आल्यासारखा वाटतो.

लाल पाकीट उचलल्यामुळे पोलिसाचं भुताशी लग्न लागतं, तो चित्रपट थाई आहे का? – एक वाचक, नाशिक

नाही, तो तैवानचा ‘मॅरी माय डेड बॉडी’. लाल पाकिटाची प्रथा तिकडची.

आईला दाखवण्यासाठी मराठी सबटायटल करायची आहेत. यंत्राने केलेलं भाषांतर चालेल का? – एक वाचक, पुणे

कच्चा खर्डा म्हणून चालेल, पण प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घाला. थाईतलं ‘खाव’ हे सर्वनाम तो आणि ती दोघांनाही चालतं, त्यामुळे थाईवरून भाषांतर करताना यंत्र प्रियकराची ‘ती’ करून टाकतं आणि बीएलचा मुद्दाच जातो. ‘मी निघतो’ की ‘मी निघते’, हेही एकेक तपासावं लागतं. वडीलधाऱ्या प्रियकराला ते ‘फी’ म्हणतात. तिथे ‘दादा’ घालू नका, आई त्यांना भाऊ समजेल. नुसतं नाव ठेवा, आणि जवळीक वाढेल तसं ‘तुम्ही’वरून ‘तू’वर या.

एसआरटी फाइलमध्ये (सबटायटलची साधी मजकूर-फाइल) प्रत्येक संवादाला क्रमांक, खाली सुरुवातीची आणि शेवटची वेळ, त्याखाली मजकूर, मग एक ओळ कोरी. वेळेत सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये स्वल्पविराम हवा. टिंब दिलं तर काही प्लेयर ती ओळ दाखवतच नाहीत. एका वेळी दोनच ओळी, प्रत्येकी ३५-४० अक्षरांच्या, आणि पडद्यावर किमान १, जास्तीत जास्त ६-७ सेकंद. फाइल साठवताना ‘एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. तिचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवा. जुन्या टीव्हीवर पेन ड्राइव्ह लावला तर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, कारण त्याला देवनागरी जुळवता येत नाही. तेव्हा लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरने लावा आणि तारेने टीव्हीला जोडा. हे घरापुरतं ठेवा. दुसऱ्याची मालिका आपल्या नावाने कुठे चढवू नका.