पाचव्या महिन्यात पंप बंद करू का? माझा अनुभव

निपाणीच्या ताईनं विचारलंय: पाचवा महिना आहे, दम्याचा पंप स्टिरॉइडचा, त्यानं बाळाच्या मेंदूला अपाय होईल म्हणून सासूबाई बंद कर म्हणतात. तू माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून अगं म्हणते. अगं, बंद करू नकोस.

खानापूरकडचं आमचं घर, पावसाळाभर भिंतींना ओल. पहिल्या खेपेला मीही भीतीनं पंप तांदळाच्या डब्यात टाकला. सातव्या महिन्यात रात्री दोनला धाप लागली. आडवं होता येईना, तीन शब्दांवर दम तुटायचा. बेळगावला पोचलो तेव्हा बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजन ८९. गरोदरपणात तो ९५ तरी हवा, कारण पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातूनच तो मिळतो. त्या रात्री ४० मिलिग्रॅम स्टिरॉइड पोटातून घ्यावं लागलं. माझ्या पंपाच्या एका पफमध्ये २०० मायक्रोग्रॅम असायचं. जो पफ टाळत होते, त्याच्या २०० पट एका वेळी गेलं.

मेंदूचं म्हणशील तर, दमा असलेल्या आयांच्या मुलांत स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) किंचित जास्त आढळल्याचं काही मोठ्या पाहण्या सांगतात. पण त्यात दम्याचा वाटा किती आणि घराण्यातून आलेलं किती, हे वेगळं काढता आलेलं नाही. आटोक्याबाहेरच्या दम्यानं मात्र बाळ दिवसांआधी येण्याची, वजन कमी भरण्याची, आईचं बीपी वाढण्याची भीती असते. आणि लवकर आलेल्या बाळाचा मेंदू पुरता तयार नसतो. ब्युडेसोनाइड हे पंपातलं स्टिरॉइड गरोदर बायकांत भरपूर वापरलं गेलंय, धाप लागल्यावरचं साल्बुटामॉलही चालतं. तुझ्या पंपात कुठलं औषध आहे ते डॉक्टरांना दाखव. फवाऱ्याचा पंप असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून घे, नंतर चूळ भर.

तंबाखूच्या वखारीत जात असशील तर आता थांब. उसाचा पाला पेटवतात तेव्हा खिडक्या लाव, चुलीपुढं बसू नकोस. धाप लागल्यावरचा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागला तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नकोस. बोलताना दम तुटला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच पावली दवाखाना गाठ.

सासूबाईंना पुढच्या तपासणीला सोबत ने, डॉक्टरांकडूनच ऐकू दे. त्यांची काळजी नातवाचीच आहे. माझ्या सासूबाईंनी त्या रात्रीनंतर तांदळाच्या डब्यातला पंप काढून देवाच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या खेपेला सांजेचा दिवा लावला की त्याच तो माझ्या हातात द्यायच्या.