आकडे पाठवायच्या आधी एवढं बघ

एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर आणि त्याच कार्डांसाठीचा मुक्त-स्रोत ड्रायव्हर नूव्हो, या दोन्हींवर तू ओपनसीएलचा (ग्राफिक्स कार्डावर गणितं चालवायच्या पद्धतीचा) वेग मोजलास, ते खानापूरहून पाठवलेले तुझे आकडे नीट बघितले. जीटीएक्स १०६० या एनव्हिडियाच्या जुन्या कार्डावर 'नूव्हो बेकार' असा निष्कर्ष काढू नकोस. त्या पिढीच्या कार्डांचा क्लॉक (चिप चालायचा वेग) वाढवायला एनव्हिडियाची डिजिटल सही असलेलं फर्मवेअर, म्हणजे कार्डात भरायचा छोटा प्रोग्राम, लागतं आणि नूव्होला ते मिळालेलंच नाही. कार्ड सुरू होतानाच्या कमी क्लॉकवरच अडकून राहतं. तुझ्या चाचणीत दिसतो तो मुख्यतः हा फरक. ट्युरिंग या नंतरच्या पिढीपासून पुढे जीएसपी (कार्डातल्याच नियंत्रक प्रोसेसर) फर्मवेअरमुळे ही अडचण सुटते.

एएमडीचं कार्ड असेल तर आधी सीएलइन्फो (ओपनसीएलला कुठली कार्डं दिसतात ते सांगणारी कमांड) चालव. एएमडीचं रॉकएम आणि मेसा या मुक्त-स्रोत ड्रायव्हर संचातलं रस्टिकल, ही ओपनसीएल चालवणारी दोन्ही बसवलेली आणि चालू असली की एकच कार्ड दोनदा दिसू शकतं. चाचणी यातल्या कुठल्या प्लॅटफॉर्मवर धावली ते वहीत लिही. माझे अख्खे दोन दिवस यातच गेले होते. चाचणीला ब्लेंडर हा थ्रीडी चित्रांचा प्रोग्राम इथं उपयोगाचा नाही, ३.० पासून त्यात ओपनसीएल नाही.

पहिली धाव सोडून दे, तिच्यात कर्नल (कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम) कंपाइल व्हायचा वेळ मिसळतो. पुढच्या पाच घे, चढत्या क्रमाने लावून मधला आकडा धर.

आणि ऊन सांभाळ रे! टिळकवाडीत माझ्या पत्र्याच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी कार्ड ८३ अंशांवर जायचं, क्लॉक खाली यायचा. पहाटे तोच ड्रायव्हर, तोच प्रोग्राम, पण आकडा जास्त. म्हणून दोन्ही ड्रायव्हर एकाच सकाळी, आलटून पालटून चालव. मध्येच लाईट गेली तर पहिल्यापासून सुरू कर. दोन्हीकडची उत्तरंही जुळवून बघ की, नुसता वेळ नको.